दुसऱ्या मॉनिटरआधी

‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा आणि एका छोट्या गाठीचा. ‘म’ आणि ‘भ’ यांचंही तेच. छापील कागदावर हा फरक डोळा सहज टिपतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर बारीक टाइपात तीच फट एखाद्या ठिपक्याएवढी उरते, आणि ‘भरणा’ लिहिलंय की ‘मरणा’ हे वाचणारा अक्षरावरून नव्हे, अंदाजाने ठरवतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका जुळवणारी मुलगी, शिरोळी एमआयडीसीत कास्टिंगचं ड्रॉइंग उघडून बसलेला इंजिनिअर, कोर्टाजवळच्या ऑफिसात जुना दस्त वाचणारे वकील, शाहूपुरीत जीएसटीचे आकडे ताडून बघणारा अकाउंटंट, या सगळ्यांचा दिवस स्क्रीनपुढे जातो. तरीही बहुतेकांचा स्क्रीन खोक्यातून निघाला तेव्हा जसा होता तसाच आजही आहे. कोणी हात लावला असेल तर तो वॉलपेपर बदलण्यापुरता.

काम वाढलं की मग एक मॉनिटर पुरत नाही असं वाटू लागतं आणि दुसरा आणला जातो. चोवीस इंची साधा मॉनिटर आठ-दहा हजारांच्या घरात मिळतो, त्यामुळे हा निर्णय आता जडही राहिलेला नाही. काही कामांना दुसरा मॉनिटर खरोखर लागतो, त्या कामांविषयी पुढे लिहिलंच आहे. पण मी जितकी ऑफिसं पाहिली त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी अडचण पहिल्याच स्क्रीनची होती, आणि ती दूर करायला एक रुपयाही लागत नव्हता.

सुरुवात अक्षरापासून करू. रोमन लिपीतलं लहान अक्षर थोड्या जागेत मावतं. देवनागरी अक्षराला तीन मजले लागतात: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर किंवा जोडाक्षर, खाली उकार आणि ऋकार. नऊ पॉइंटचं अक्षर साध्या मापाच्या स्क्रीनवर उभ्या बारा ठिपक्यांत बसवावं लागतं. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ किंवा ‘कर्तृत्व’मधला ‘र्तृ’ बारा ठिपक्यांत कसा मावणार? तो मावत नाही, त्याचा नुसता आकार उरतो. ‘हृदय’ आणि ‘ह्रदय’, ‘द्ध’ आणि ‘द्घ’, ‘श्र’ आणि ‘श्न’ हे सगळे जोडीदार इथे एकमेकांत मिसळतात. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या या सुलेखनकाराने देवनागरीला विंडोजच्या स्क्रीनवर स्थिर जागा मिळवून दिली. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ आला आणि बारीक आकारातली वाचनीयता आणखी सुधारली. पण फॉन्ट कितीही जपून घडवला असला तरी मिळालेल्या ठिपक्यांतच त्याला उभं राहावं लागतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला जो आकार पुरतो तो मराठीत काम करणाऱ्याला पुरत नाही, हे गृहीत धरूनच आपल्याकडे स्क्रीन लावला पाहिजे. संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये ही सोय कोणी आपल्यासाठी करून ठेवलेली नसते.

अक्षर मोठं करायचे दोन मार्ग आहेत आणि लोक हमखास चुकीचा धरतात. ते रेझोल्यूशन कमी करतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पॅनेल १३६६ बाय ७६८ वर आणला की अक्षर मोठं दिसतं खरं, पण पॅनेलमधले खरे ठिपके तितकेच राहतात. संगणकाने पाठवलेला एक ठिपका जवळपास दीड ठिपक्यावर पसरवावा लागतो आणि कडा धूसर होतात. ही धूसरता डोळ्याला लगेच कळत नाही, संध्याकाळी कपाळ दुखू लागतं तेव्हा कळते. योग्य मार्ग असा: डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडावीत, रेझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडाच ठेवावा आणि त्याच्या वरचं ‘स्केल’ १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावं. मग बारा ठिपक्यांचं अक्षर पंधरा किंवा अठरा ठिपक्यांत आखलं जातं, नुसतं ताणलं जात नाही. त्यानंतर स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधून ती चार-पाच नमुन्यांची चाचणी एकदा द्यावी. नमुने इंग्रजीत असतात, पण कडा कशा गुळगुळीत करायच्या हे ती पॅनेलनुसार ठरवते आणि त्याचा फायदा मराठीलाही होतो.

जुन्या डीटीपीवाल्यांची अडचण इथे खरी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. मराठीतली पुष्कळ जुळणी आजही पेजमेकर आणि श्री-लिपीवर चालते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्या काळच्या सॉफ्टवेअरला स्केल ही गोष्ट माहीत नाही. स्केल १२५ केलं की विंडोज त्याची खिडकी छायाचित्रासारखी ताणते आणि अक्षर उलट अस्पष्ट होतं. ऑपरेटर वैतागून रेझोल्यूशन कमी करतो, याचं मूळ इथे आहे. त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली ‘हाय डीपीआय’चा पर्याय आहे. तिथे ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडल्यावर काही प्रोग्रॅम सुधारतात, सगळे नाही. जुन्या सॉफ्टवेअरवर दिवस काढणाऱ्यांसाठी यापेक्षा खात्रीचा उपाय मॉनिटर निवडतानाच करता येतो. चोवीस इंचांच्या फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, आणि ही सॉफ्टवेअरं इंचाला ९६ ठिपके धरून लिहिलेली आहेत. म्हणजे अशा मॉनिटरवर स्केल १०० टक्के ठेवून सगळं मूळ मापात आणि स्वच्छ दिसतं. तेच सॉफ्टवेअर १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर, जिथे इंचाला १४१ ठिपके येतात, एक तर मुंगीएवढं दिसतं नाही तर धूसर. पेजमेकरवाल्याने फोर-के मॉनिटरच्या मोहात पडू नये.

हाच हिशेब उलट बाजूनेही करून बघावा. सत्तावीस इंची मॉनिटर फुल एचडी घेतला तर इंचाला ८२ ठिपकेच मिळतात. स्क्रीन मोठा, पण अक्षर जाडंभरडं. दुकानात व्हिडिओ चालू असतो तेव्हा हे लक्षात येत नाही. सत्तावीस इंच हवेच असतील तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, म्हणजे इंचाला १०९ ठिपके मिळतात. दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये दहा पॉइंटमधलं मराठी मजकुराचं एक पान न्यावं आणि तेच उघडून बघावं. माशांचे आणि डोंगरांचे व्हिडिओ बघून मॉनिटर घेऊ नये.

ब्राइटनेसचं गणित त्याहून सोपं आहे. बहुतेक मॉनिटर अडीचशे निट्सच्या आसपासचे असतात आणि नवे असताना बऱ्यापैकी वरच्या ब्राइटनेसवर लावलेले मिळतात. दुकानातल्या झगमगाटात तो उजेड योग्य वाटतो, मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर नाही. तिथे पावसाळ्याचे चार महिने दुपारीही दिवा लावावा लागतो आणि खोलीतली सगळ्यात प्रखर वस्तू मॉनिटर हीच असते. एक पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरावा आणि वर्डचं कोरं पान उघडावं. पान कागदापेक्षा दिव्यासारखं उजळ दिसलं तर ब्राइटनेस कमी करावा, मळकट दिसलं तर वाढवावा. एप्रिलमधलं आणि जुलैमधलं उत्तर वेगळं येईल, म्हणून मॉनिटरची बटणं कुठे आहेत हे माहीत असावं. खिडकी मॉनिटरच्या मागे किंवा आपल्या पाठीशी नसावी, बाजूला असावी. डोक्यावरच्या ट्यूबचं प्रतिबिंब काचेत दिसत असेल तर मॉनिटर किंचित खाली झुकवावा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणि अंतर हातभर, हे सगळ्यांना सांगितलं जातं. पण प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावणाऱ्यांना सांगायची गोष्ट वेगळी आहे. जवळचं बघायचा भाग त्यांच्या काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे मॉनिटर उंच असला की ते हनुवटी वर करून वाचत राहतात. त्यांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्या कित्येक कारकुनांच्या मानदुखीवर एवढाच उपाय पुरेसा ठरेल.

निळ्या प्रकाशाची भीती मात्र अवास्तव पसरली आहे. चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काचेचे जादा पैसे घेतले जातात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. अशा काचांमुळे स्क्रीनपुढचा डोळ्यांचा ताण साध्या काचांच्या तुलनेत कमी होत असल्याचं त्यात, निदान थोड्या काळाच्या वापरात, आढळलं नाही. डोळे चुरचुरतात ते बहुतांशी पापण्या कमी मिटल्यामुळे. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं किंवा त्याहूनही घटतं. वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद बघण्याचा नियम त्यासाठीच आहे. काळ्या पार्श्वभूमीचा ‘डार्क मोड’ रात्रीच्या अंधारात बरा वाटतो. पण उजेडाच्या खोलीत वाचन आणि प्रूफ तपासणं पांढऱ्यावर काळं असताना अधिक अचूक होतं, असं प्रयोगांतून दिसलं आहे. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांना तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात, आणि तिथे अनुस्वार आधी हरवतो.

रंगांचा प्रश्न कोल्हापुरात जितका रोजचा आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल. वाढदिवस, तालमीचं मंडळ, शाहू स्टेडियमवर सामना जिंकलेली फुटबॉल टीम, ग्रामपंचायतीची निवडणूक, प्रत्येक गोष्टीचा डिजिटल फलक चौकात लागतो. या फलकांवर तीन रंग हटकून असतात: भगवा, गुलालाचा गुलाबी आणि गडद निळा. नेमके हे तिन्ही रंग स्क्रीनवर एक आणि छपाईत दुसरे येतात. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकावर एक चढवून रंग देते. स्क्रीनवर पेटलेला भगवा शाईच्या आवाक्याबाहेर असतो, म्हणून तो छापून विटकरीकडे झुकतो. शुद्ध निळा जांभळा होऊन येतो. ग्राहक म्हणतो, ‘दादा, ह्यो रंग न्हाई दाखवला तुम्ही,’ आणि त्याचं म्हणणं खरंच असतं.

यावर पूर्ण इलाज नाही, पण फरक निम्म्यावर आणता येतो. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शायांच्या हिशेबात, करावी. मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘व्हिव्हिड’, ‘गेम’, ‘सिनेमा’ यांपैकी काही लागलेलं असेल तर ते काढून ‘एसआरजीबी’ किंवा ६५०० केल्व्हिन ठेवावं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा. लॅपटॉपवर बॅटरी वाचवण्यासाठी पानावरच्या मजकुराप्रमाणे उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय असते, तीही बंद करावी. विंडोजची ‘नाइट लाइट’ रात्री झोपेआधी वापरायला हरकत नाही, पण संध्याकाळी सातला ती आपोआप चालू होत असेल तर सातनंतर जुळवलेल्या प्रत्येक फलकाचा रंग चुकतो. कारण पिवळटलेल्या स्क्रीनवर ऑपरेटर नकळत निळा वाढवत जातो. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सेंटरांनी हे आधी तपासावं. आणि स्वस्त टीएन पॅनेल डिझाइनच्या कामाला घेऊ नये. त्याचा रंग बघण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो. ऑपरेटर समोर बसलेला असतो, ग्राहक त्याच्या खांद्यामागे उभा राहून वरून बघत असतो. दोघेही एकाच वेळी दोन वेगळे रंग बघतात आणि दोघेही ‘हाच बरोबर’ म्हणतात. आयपीएस पॅनेलवर हा घोळ जवळजवळ होत नाही. याखेरीज आपल्या मशिनवर छापलेला रंगांचा एक तक्ता भिंतीवर लावून ठेवावा आणि ग्राहकाला भगवा त्याच्यावरून निवडायला लावावा. माझ्या मते महागड्या मॉनिटरपेक्षा हा तक्ता जास्त भांडणं वाचवतो.

आता दुसऱ्या मॉनिटरकडे वळू. ही सोय तशी जुनी आहे. १९८७ च्या मॅकिन्टॉश टू मध्ये एकाहून अधिक मॉनिटर लावता येत होते, आणि विंडोजमध्ये ती सोय विंडोज ९८ पासून आली. दुसऱ्या मॉनिटरमुळे काम वेगाने होतं, या दाव्यामागे २००३ सालचा युटा विद्यापीठाचा अभ्यास बहुतेक वेळा सांगितला जातो. त्यात अनेक स्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या चुका तेहतीस टक्क्यांनी कमी आढळल्या. या अभ्यासाला पैसा मॉनिटर विकणाऱ्या एनईसी-मित्सुबिशीने आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एटीआयने पुरवला होता, हेही वाचकाला माहीत हवं. त्याहून मोलाचं निरीक्षण मायक्रोसॉफ्टमधल्या जोनाथन ग्रुडिन यांनी २००१ मध्ये मांडलं. दोन मॉनिटर असलेले लोक ते एकच मोठं मैदान म्हणून वापरत नाहीत. एका स्क्रीनवर मुख्य काम आणि दुसऱ्यावर त्याला लागणारं किंवा अधूनमधून बघायचं असं काहीतरी, अशी ते वाटणी करतात. दोन मॉनिटरांमधली चौकट अडथळा नसून भिंतीचं काम करते. मला हे पूर्ण पटतं. दुसरा मॉनिटर घेताना ‘जागा किती वाढेल’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘भिंतीपलीकडे काय ठेवणार’ याचं उत्तर तयार असेल तरच तो घ्यावा.

हे उत्तर तयार असलेली कामं कोल्हापुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांत अलीकडे मोठी भर पडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. कित्येक दशकांच्या आंदोलनानंतर मिळालेल्या या बेंचमुळे वकिलांच्या ऑफिसातलं काम बदललं आहे. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे आणि दस्त मराठीत असतात, तर उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी कागदाची स्कॅन एका बाजूला आणि इंग्रजी मसुदा दुसऱ्या बाजूला, हे दोन मॉनिटरांचं अस्सल काम. एकाच स्क्रीनवर खिडक्या अदलाबदल करत भाषांतर केलं की ओळ चुकते, आणि गट नंबर चुकला तर खटला भलत्याच जमिनीचा होतो. चोवीस इंची मॉनिटरची उंची जवळपास तीस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाएवढी असते. फुल स्क्रीनमध्ये दोन पानं शेजारी शेजारी मूळ आकारात दिसतात. शेकडो पानांचं पेपरबुक वाचताना त्यासाठी चोवीसचाच आग्रह धरावा.

मोडी वाचणाऱ्यांचं काम याच जातीचं, किंबहुना आणखी कठीण. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर मोडी वाचकांची गरज भासली. कोल्हापूरच्या पुरालेखागारात तर संस्थानकाळातलं मोडी दप्तर आहेच. पिवळट पडलेल्या कागदाची स्कॅन एका स्क्रीनवर दोनशे टक्के मोठी करून ठेवावी आणि दुसऱ्यावर देवनागरी लिप्यंतर लिहावं. स्कॅनच्या मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला तर फिकट शाई उठून दिसते. तोच बदल लिहिण्याच्या मॉनिटरवर केला तर डोळा शिणतो. म्हणजे इथे दोन मॉनिटरांची सेटिंग्ज मुद्दाम वेगळी ठेवायची. एरवी दोन्ही सारखी असावीत असा नियम आहे, त्याला हा अपवाद.

उद्यमनगर, शिरोळी, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पट्ट्यात फाउंड्री आणि मशिन शॉपचं काम चालतं. गिऱ्हाइकाकडून आलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये असतं, त्यावरून पॅटर्नचं मॉडेल उभं करायचं असतं. टॉलरन्सचा एक आकडा बघायला दर वेळी मॉडेल झाकावं लागलं तर माणूस आकडा लक्षात ठेवून काम करू लागतो, आणि लक्षात ठेवलेला आकडा कधी ना कधी दगा देतो. कास्टिंग सिम्युलेशन चालवणाऱ्यांनाही निकाल आणि गेटिंगचा आराखडा समोरासमोर हवा असतो. टॅली आणि जीएसटी पोर्टल ताडून बघणाऱ्यांचीही गोष्ट तीच, त्यासाठी वेगळं लिहायला नको.

वृत्तपत्राच्या पानाची गंमत वेगळी आहे. आपल्याकडच्या मोठ्या आकाराच्या पानावरचा मजकूर साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ५२ सेंटिमीटर उंच असतो. आडव्या मॉनिटरवर ते कधीच पूर्ण आकारात मावत नाही, उपसंपादक वरचं अर्धं आणि खालचं अर्धं असं बघतो. सत्तावीस इंची मॉनिटर उभा फिरवला तर त्याचं माप ३३.६ बाय ५९.८ सेंटिमीटर होतं आणि अख्खं पान खऱ्या मापात डोळ्यांपुढे उभं राहतं. मथळ्यांचे आकार एकमेकांना मारतात का, हे तेव्हाच कळतं. त्यासाठी मान फिरवणारा स्टँड असलेला मॉनिटर घ्यावा आणि सेटिंग्जमध्ये ‘ओरिएंटेशन’ पोर्ट्रेट करावं.

मग दुसरा मॉनिटर कोणाला नको? जो माणूस एकच मजकूर लिहितो त्याला नको. कथा, अग्रलेख किंवा प्रबंधाचं प्रकरण लिहिणाऱ्याच्या बाजूच्या स्क्रीनवर दोन दिवसांत व्हॉट्सॲप वेब येऊन बसतं आणि तिथून हलत नाही. त्याने तेवढ्याच पैशात पहिला मॉनिटर चांगला घ्यावा. ज्याच्या टेबलाची रुंदी साडेतीन फुटांपेक्षा कमी आहे त्यानेही थांबावं, कारण दुसरा मॉनिटर कोपऱ्यात कोंबला जातो आणि मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहते. दोन्ही सारखेच वापरात असतील तर त्यांचा जोड नाकासमोर यावा. एकावर जास्त काम असेल तर तो सरळ समोर आणि दुसरा शेजारी किंचित आत वळवलेला असावा. वरच्या कडा एका उंचीवर असाव्यात.

जोडणीत लोकांचे पैसे वाया जातात ते कन्व्हर्टरमध्ये. एचडीएमआयमधून व्हीजीएला जाणारा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही. संगणकाला कोणती पिन आहे आणि मॉनिटरला कोणती, हे मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवावं. यूएसबी-सीचं प्रत्येक पोर्ट चित्र पाठवतंच असं नाही. एम-वन किंवा एम-टू चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. जोडल्यावर विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावं. नंतर डिस्प्ले सेटिंग्जमधले १ आणि २ चे चौकोन टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसेच ओढून बसवावेत. हे न केल्याने माउस उजवीकडे नेला की भिंतीवर आपटल्यासारखा अडतो, आणि माणसं दुसरा मॉनिटर बिघडला म्हणून परत करायला निघतात. खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर टाकायला विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ पुरते. लॅपटॉपवर स्केल १५० आणि मॉनिटरवर १०० असं वेगवेगळं ठेवता येतं, तसंच ठेवावं.

घरात पडून असलेला ३२ इंची टीव्ही लावून बघावा असं अनेकांना वाटतं. तो ‘एचडी रेडी’ असेल तर इंचाला ४९ ठिपके मिळतात, म्हणजे मराठी वाचनासाठी निरुपयोगी. फुल एचडी असला तरी बरेच टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा फुटतात. त्या इनपुटला टीव्हीच्या मेनूत ‘पीसी’ असं नाव किंवा मोड दिल्यास काहींवर हे सुधारतं. त्यापेक्षा जुन्या ऑफिसातून निघालेला १७ इंची चौकोनी मॉनिटर, १२८० बाय १०२४ चा, एका ए-फोर पानासाठी उत्तम साथ देतो आणि सेकंडहँड बाजारात अगदी थोडक्यात मिळतो.

व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी किंवा मुलाखत असेल तर कॅमेरा ज्या मॉनिटरवर आहे त्याच्यावरच समोरच्याची खिडकी ठेवावी, कागद दुसऱ्यावर. उलट केलं तर न्यायाधीशांना वकिलांचा कान दिसत राहतो. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता एकच खिडकी द्यावी.

दुसऱ्या मॉनिटरचा सगळ्यात चांगला उपयोग मात्र अजून फार थोड्या ठिकाणी दिसतो. तो आपल्याकडे तोंड करून ठेवायचा नाही, समोरच्या माणसाकडे करायचा. लग्नपत्रिकेत आडनाव चुकतं, उत्पन्नाच्या दाखल्यात वडिलांचं नाव चुकतं, गुजरीत सोनाराच्या बिलात वजनाचा आकडा ग्राहकाला नीट दिसत नाही. या चुकांत टाइप करणाऱ्याचा दोष थोडाच असतो. नाव ज्याचं आहे त्याला ते छापून हातात येईपर्यंत दिसतच नाही. पेट्रोल पंपावर आकडा गाडीवाल्याला दिसेल असाच असतो, वजनकाट्यावरही ग्राहकाला दिसावा अशी अपेक्षा आहे. मग ज्या कागदावर माणसाचं नाव आणि जमीन लिहिली जाते तो कागद टाइप होताना त्याच्यासमोर का नसावा? आपले सरकार सेवा केंद्रं, स्टॅम्प व्हेंडर, दस्त लिहिणारे, डीटीपी सेंटर, सगळ्यांनी ही सोय करावी असं मला मनापासून वाटतं. शासनाने सेवा केंद्र मंजूर करतानाच ती अट घालावी.

त्यासाठी नवा मॉनिटर लागत नाही, मघाचा चौकोनी जुना चालतो. काउंटरवर तो उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, किंचित वर झुकवून ठेवावा. दोन्ही स्क्रीनची मापं वेगळी असतील तर ‘डुप्लिकेट’ निवडल्यावर ऑपरेटरच्या बाजूचं अक्षर बिघडतं, म्हणून ‘एक्स्टेंड’च ठेवावं. मजकुराची एक वेगळी खिडकी ग्राहकाच्या स्क्रीनवर उघडून अक्षर दोनशे टक्के मोठं करावं. वर्डमध्ये ‘व्ह्यू’खाली ‘न्यू विंडो’ दिली की तोच मजकूर दुसऱ्या खिडकीत येतो आणि इकडे टाइप केलेलं तिकडे लगेच उमटतं. आधीच्या ग्राहकाची फाइल, व्हॉट्सॲप आणि नोटिफिकेशन त्या स्क्रीनवर येणार नाहीत हे आधी बंद करून घ्यावं. ‘ताई, नाव वाचून बघा बरं, वेलांटी बरोबर हाय का?’ एवढं विचारायचं, आणि त्यांनी वाचून होईपर्यंत प्रिंटचं बटण दाबायचं नाही.